लेकीला शिडाच्या बोटीवर पाठवू का?

पत्र

बाई, सादर नमस्कार.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. सासरे तांडेल होते, म्हणजे बोटीचे प्रमुख, आता वयामुळे घरीच असतात. माझी मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. तिला अकरावीला रत्नागिरीच्या कॉलेजात जायचंय आणि तिथे एनसीसीच्या नौदल विभागात नाव घालायचंय. नौदलातल्या मुली शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारून आल्या, त्यांचा व्हिडिओ तिने इतक्यांदा बघितलाय की आता मलाही पाठ झालाय.

माझे धाकटे दीर २००९ च्या फयान वादळात गेले. बोटही मिळाली नाही आणि तेही मिळाले नाहीत. तेव्हा ही माझ्या पोटात होती. पुढे मिस्टरांनी आमची बोट विकली, आता ते टेम्पो चालवतात. घरात अजूनही समुद्राचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. आणि ही म्हणते, मला शीड धरायला शिकायचंय! तिला पोहतासुद्धा येत नाही. आमच्याकडे मुलींना कोण शिकवतं?

मिस्टर काहीच बोलत नाहीत. सासरे म्हणतात, जाऊ दे तिला. माझी जाऊ हे ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यात बारावीचा अभ्यास, मुलीची जात, बाहेरगावची शिबिरं, पाळीचे दिवस. शेजारचा एक मुलगा म्हणतो, एनसीसीत वेळ कशाला घालवता, बारावी झाली की मर्चंट नेव्हीत थेट चिकटवून देणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे, पैसे भरले की काम झालं. मी नाही म्हणू का? पण नाही म्हटलं तर ती माझ्यावर कायमची रुसेल असं वाटतं.

एक आई

उत्तर

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. तिला जाऊ द्या. मात्र पालकांच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी तुम्ही स्वतः एकदा जाऊन तिथल्या बोटी, लाइफ जॅकेटं आणि शिकवणारी माणसं बघून या. या भेटीत समाधान झालं नाही, तर बेलाशक नाही म्हणा. ते तुम्ही भीतीपोटी म्हणालात, असं मुलीलाही वाटणार नाही.

मी किनाऱ्यावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि बरीच वर्षं नौदल विभागाच्या कॅडेट्सची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यामुळे ही मुलं पाण्यात काय करतात ते मला आतून माहीत आहे. तुमच्यासारख्या आयाही माझ्यासमोर बसलेल्या आहेत. घरातलं माणूस समुद्राने नेलेल्या बाईला ‘घाबरू नका’ असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही, मलाही नाही. ११ नोव्हेंबर २००९ च्या त्या दिवशी मासेमारीचा भर हंगाम होता, बोटी बाहेर होत्या, आणि आपल्या किनाऱ्यावर कितीतरी घरं अशी आहेत जिथे तो दिवस अजून संपलेला नाही.

पण तुमच्या दिरांचं समुद्रात जाणं आणि तुमची मुलगी म्हणते ते जाणं, यांत फार अंतर आहे. मासेमारीची बोट पोटासाठी जाते. मासा असेल तिथवर जाते, मुक्कामाला राहते, डिझेल-बर्फाचा खर्च अंगावर असतो म्हणून वारा बदलला तरी लगेच फिरत नाही. कॅडेट्सची बोट शिकण्यासाठी पाण्यात उतरते. ती खाडीत किंवा बंदराच्या आडोशाला असते, सोबत इंजिनाची बोट असते, आणि वारा वाढला की त्या दिवशीचं सत्र बंद करून काठावर गाठी बांधायला बसवतात. परतायला उशीर केला म्हणून त्यांचं कुठलंही नुकसान टळणार नसतं, आणि लवकर परतलं म्हणून घरची चूल थांबणार नसते. जीव वाचवणारा फरक बहुतेक वेळा हाच असतो.

आता तिथे शिकवतात काय, ते जरा सविस्तर सांगते. एनसीसी १९४८ पासून आहे. तिचे भूदल, नौदल आणि वायुदल असे तीन विभाग. रत्नागिरीत आणि पुण्यात नौदल विभागाची युनिटं आहेत. पुण्याची मुलं खडकवासल्याच्या पाण्यावर शिकतात. १५ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या १७३ जिल्ह्यांत एक लाख नवे कॅडेट घेण्याची घोषणा केली आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांश मुली असतील असं सांगितलं. म्हणजे तुमची मुलगी काही जगावेगळं मागत नाहीये.

सुरुवात जमिनीवरच होते. कवायत, गाठी, बोटीच्या भागांची नावं, हातात झेंडे घेऊन संदेश पाठवायची सेमाफोर पद्धत. मग येतं वल्हवणं. त्यासाठी व्हेलर नावाची २७ फुटी जड बोट असते, तिला पाच वल्ही आणि मागे सुकाणूवर एक कॉक्सन. या बोटीत एकट्याने जोर लावून काहीही होत नाही. उलट एकच वल्हं जास्त ओढलं तर बोट वळते. पाच जणींचे हात एका ठेक्यात पडायला कित्येक रविवार जातात. हाताला फोड येतात, खांदे भरून येतात, आणि मग एका सकाळी बोट सरळ रेषेत सुटते. ज्या मुली वर्गात तोंड उघडत नव्हत्या त्या कॉक्सन होऊन खणखणीत आवाजात हुकूम देताना मी ऐकल्या आहेत. आपल्या मुलींना मोठ्याने बोलायला सांगणाऱ्या जागा फार थोड्या आहेत, म्हणून याचं मोल मला जास्त वाटतं.

शिडाची बोट त्यानंतर. एनसीसीत ‘एंटरप्राइज’ वर्गाची बोट वापरतात. दोघींची, जेमतेम तेरा फुटांची, दोन शिडं आणि मधोमध पाण्यात सोडायची एक फळी. ही बोट उलटते. मी लपवत नाही. ती उलटणारच, आणि शिकवणाऱ्यांनाही ते माहीत असतं. म्हणून वाऱ्यावर स्वार व्हायला शिकवण्याआधी ती मुद्दाम उलटी करतात. जॅकेट घातलेल्या दोघी पाण्यात पडतात. पहिला नियम: बोट सोडायची नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही. मग एकीने त्या मधल्या फळीवर चढायचं, बोटीच्या कडेला धरून अंगाचा सगळा भार मागे टाकायचा. शीड पाण्याने जड झालेलं असतं, म्हणून बोट आधी हलतच नाही. मग हळूहळू डोलकाठी पाण्यातून वर येते आणि एकदम उभी राहते. आत भरलेलं पाणी उपसायचं, शिडं सोडवायची, पुन्हा निघायचं. हे पुन्हा पुन्हा करून घेतात, जोवर पाण्यात पडलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरची घबराट जाऊन ‘आता फळी कुठे आहे’ हा विचार येत नाही तोवर.

यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती तुमच्या घराला उपयोगी आहे. घाटावरून आलेली, समुद्र न बघितलेली मुलं पहिल्या दिवसापासून सांगू तसं ऐकतात. अवघड जातात ती मासेमाराच्या घरातली. ‘आम्हाला काय शिकवता, आम्ही बोटीवरच वाढलो’ म्हणत जॅकेटाचे पट्टे सैल ठेवणारी, पोटाखालचा पट्टा न लावणारी. आपल्या मासेमारी बोटींवर जॅकेटं असतात, पण ती कोपऱ्यात रचलेली असतात, अंगावर नसतात, हे तुमच्या सासऱ्यांनाही ठाऊक असेल. तुमच्या मुलीत ही बेफिकिरी असण्याची शक्यता कमी आहे, कारण तिच्या घरातून एक माणूस गेलं आहे. पण पहिल्या दिवशी जॅकेट स्वतः आवळून घे आणि शेजारणीचंही तपास, एवढं तिला तुम्हीच सांगा. आईने सांगितलेलं लक्षात राहतं.

पोहण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला वाईट वाटलं, आणि ताई, थोडा रागही आला, तुमच्यावर नव्हे. खाडीच्या काठावर जन्म काढणाऱ्या बायका पोहायला शिकत नाहीत, कारण मुलगी पाण्यात उतरली तर लोक बघतात. मुलगे लहानपणीच धक्क्यावरून उड्या मारतात. भरतीच्या वेळी होडीत चढताना पाय घसरला तर आपल्या मुलीचं काय होईल, हा विचार कुणी करत नाही. तुमची मुलगी कधीच शिडाच्या बोटीत बसली नाही तरी ती पाण्याशेजारीच राहणार आहे. पोहता न येणारी, जॅकेट कधी अंगावर न चढवलेली मुलगी काठावरही सुरक्षित नाही. म्हणून एनसीसीचं काहीही ठरो, ही सुट्टी वाया घालवू नका. शहरातल्या तरणतलावात मुलींची वेगळी वेळ असेल तर तिथे घाला. समुद्रात किंवा खाडीत शिकवायला नेऊ नका, आणि विहिरीत कमरेला डबा बांधून तर नकोच. तिला सगळे प्रकार यायची गरज नाही. पाठीवर शांत तरंगता आलं आणि थोडं अंतर कापता आलं की सुरुवातीला पुरे. आणि तिच्यासोबत तुम्हीही उतरा, असं मी अगदी मनापासून म्हणते.

शिबिरं आणि पाळी. मुलींची राहण्याची सोय वेगळी असते आणि तिथे स्त्री-अधिकारी असतात. पाळीच्या दिवसांत पाण्यात उतरायचं की नाही हे तिने ठरवायचं, आणि तसं सांगताना तिला संकोच वाटू नये अशी बाई तिथे असली पाहिजे. म्हणून कॉलेजात गेलात की मुलींची जबाबदारी कोणाकडे आहे हे नाव घेऊन विचारा, शक्य तर त्यांना भेटा. उन्हाने काळी पडेल असं कुणीतरी म्हणेलच. त्याला उत्तर द्यायचीही गरज नाही.

याच भेटीत आणखी थोडी चौकशी करा. बोटी पाण्यात असताना इंजिनाची बोट कायम सोबत असते का, की फक्त कार्यक्रमाच्या दिवशी? जॅकेटं प्रत्येकीच्या मापाची आहेत का? एक हातात घेऊन बघा, शिवण उसवलेली, फोम दबलेला, पट्ट्याचं बकल तुटलेलं असेल तर ते जॅकेट शोभेचं आहे. वारा किती झाला की सत्र थांबवतात, आणि ते कोण ठरवतं? पावसाळ्यात काय करतात? या शेवटच्या प्रश्नाला ‘जमिनीवरचं प्रशिक्षण’ असं उत्तर आलं तर माणसं शहाणी आहेत. चांगल्या शिक्षकाला हे प्रश्न आवडतात. जो चिडेल किंवा हसण्यावारी नेईल, त्याच्या हाती माझी मुलगी मी दिली नसती.

अभ्यासाचं म्हणाल तर आठवड्याच्या परेडमुळे बारावी बुडत नाही. वार्षिक शिबिर दहा दिवसांचं असतं, त्याच्या तारखा आधी कळतात. पण कॅडेट्सच्या निवडीत मुलगी चमकली आणि अखिल भारतीय नौसैनिक शिबिराच्या तयारीत शिरली, तर मात्र एकामागून एक शिबिरं लागतात. ते बारावीच्या वर्षात येऊ देऊ नका. अकरावीत किंवा पदवीच्या वर्षांत करू दे. दोन वर्षांनी ‘बी’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ची. यातच बरीच मुलं फसतात: बारावीनंतर नौदल विभाग नसलेल्या कॉलेजात जातात आणि ‘सी’ राहून जातं. नौदलात अधिकारी व्हायचं असेल तर या ‘सी’ प्रमाणपत्राला खरी किंमत आहे, त्यांच्यासाठी वेगळ्या जागा असतात. तेव्हा पदवीचं कॉलेज निवडताना हे डोक्यात ठेवा.

तरी एक विनंती. तिने बघितलेल्या व्हिडिओवरून तिचं आयुष्य आजच ठरवू नका, तिलाही ठरवू देऊ नका. वर्तिका जोशी आणि तिच्या पाच सहकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीवर जगाच्या फेरीला निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. नंतर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ मध्ये ती फेरी पूर्ण केली. या सगळ्या नौदलाच्या अधिकारी होत्या आणि निघण्याआधी त्यांनी फार मोठा काळ सराव केला होता. पहिल्या तुकडीला शिकवणारे दिलीप दोंदे हे एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्यांची फेरी २००९-१० मधली, पण तयारी २००६ पासून चाललेली. बोटसुद्धा गोव्यात त्यांच्या डोळ्यांदेखत बांधली गेली. ही तयारीची वर्षं व्हिडिओत दिसत नाहीत. ती तिला सांगा. दोन वर्षांनी ती म्हणाली की मला हिशेबनीस व्हायचंय, तरी यातलं काही फुकट गेलेलं नसेल.

आता तो ‘थेट चिकटवून देणारा’ माणूस. त्याला एक रुपयाही देऊ नका. मर्चंट नेव्हीत अधिकारी होण्याचा रस्ता उघड आहे: बारावीला भौतिक, रसायन, गणित आणि चांगलं इंग्रजी, मग इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा. जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, आणि ती यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेण्याला आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातच मनाई आहे. असे पैसे भरून बनावट कागद हातात पडलेली, नाहीतर परदेशी बंदरात पगाराविना अडकून पडलेली मुलं आपल्या कोकणात आहेत. शेजारच्या मुलालाही हे सांगा, तो कदाचित स्वतःच त्यात अडकतो आहे. एनसीसीत नाव घालायला मात्र कुणी पैसे मागत नाही, मागितले तर तिथेच थांबा.

एक शक्यता अशीही आहे की तिची निवडच होणार नाही. जागा मोजक्या असतात, धावण्याची आणि लेखी चाचणी असते, तब्येत बघतात. तसं झालं तर कॉलेजात भूदलाचा विभाग असल्यास तिथे जाऊ दे, आणि पोहणं चालू ठेवा. (मुंबईच्या वाचकांसाठी एक ओळ: कुलाब्याला सी कॅडेट कोअर आहे, तिथे यापेक्षा लहान वयाची मुलंमुलीही घेतात. नौदल दिनाला गेटवेवर हॉर्नपाइप नाच करणारी पांढऱ्या गणवेशातली मुलं ती हीच.)

राहिली तुमची जाऊ. पत्रातल्या त्या एका वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. तिच्याकडून परवानगी मागू नका. तो भार तिच्यावर टाकणं अन्यायाचं होईल; हो म्हणाली आणि उद्या मुलीला काही खरचटलं तरी ती स्वतःला दोष देईल. पण तिला हे बाहेरून कळू देऊ नका. मुलीला घेऊन तिच्याजवळ बसा आणि काय ठरलंय, का ठरलंय ते सांगा. ती रडेल, उठून जाईल, काकांबद्दल पहिल्यांदाच काहीतरी बोलेल. जे होईल ते होऊ द्या. मुलीने काकांना पाहिलेलं नाही. ते कसे होते, बोटीवर काय करायचे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि तुमच्या घरात इतकी वर्षं ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मिस्टर गप्प आहेत, त्यांना बोलतं करायला वेळ लागेल. सासऱ्यांना मात्र कामाला लावा. उधाणाची मोठी आणि भांगाची लहान भरती, जमिनीवरून येणारा मतलई वारा कधी सुटतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा कधी चढतो, ढग कुठून आले की बोट फिरवायची, हे त्यांच्याइतकं तिला कुठलंही पुस्तक शिकवणार नाही. एनसीसीच्या परीक्षेतही ते कामी येतं. त्यांनाही विचारलं गेल्याचं बरं वाटेल.

नावनोंदणी अकरावीचे वर्ग सुरू झाल्यावर होते, म्हणून आधी प्रवेशाच्या वेळीच नौदल विभाग कोण बघतं ते विचारून ठेवा. नंतर एखाद्या परेडच्या दिवशी मुलीसोबत जा. संमतीपत्र तिथल्या तिथे भरायला सांगितलं तर ‘घरी वाचून आणते’ म्हणा. धावायचा सराव तिने आजपासून सुरू करावा, आणि चष्मा असेल किंवा रंग ओळखण्यात काही शंका असेल तर डोळे आताच तपासून घ्या, कारण पुढे नौदलात आणि जहाजावर दोन्हीकडे ते कसून बघतात. तिथे गेल्यावर काय दिसलं ते मला जरूर लिहा. जॅकेटांबद्दल मुद्दाम लिहा.

तुमची,
बाई